आधी कान, मग विमान, मग अंदमान

अंदमानचं चाललंय आमचं. म्हणजे तसं गेली चार वर्षं चाललंय, दर दिवाळीत कोणीतरी विषय काढतं आणि मग कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, सोसायटीचं रिपेअरिंग असं काहीतरी आडवं येतं आणि आम्ही आपले पुन्हा दापोलीला. पण या वेळी विमानाची तिकिटं काढून झालीत, 31 जानेवारीला जायचं आणि 6 फेब्रुवारीला परत. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. बाकीच्यांचं काय असेल ते असो, माझा डोळा एकाच गोष्टीवर आहे आणि ती म्हणजे स्कूबा, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली जायचं ते.

कारण माझा एक जुना हिशोब बाकी आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट थांबली, हातात एक कागद आला, "इथे सही करा", कागदावर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा बॅगेत, बॅग किनाऱ्यावर सासूबाईंकडे. मग पाच मिनिटांत सगळं सांगून झालं, तोंडाने श्वास घ्या, कान दुखला तर नाक दाबून फुंका, घाबरू नका. माझ्या मागे अजून आठ-दहा जण नंबर लावून बसलेले. मी शिडी धरून तोंड पाण्यात घातलं आणि चाळीस वर्षांची नाकाने श्वास घ्यायची सवय, ती काय अशी पाच मिनिटांत जाते होय, मास्कमध्ये कुठूनतरी पाणी शिरलं, मी नाकाने श्वास ओढला, ठसका, तोंडातलं रबर थुंकलं आणि थेट शिडीवर. "काही होत नाही ओ ताई, परत ट्राय करा." ताईंनी टॉवेल गुंडाळला आणि बसून राहिली. नवरा खाली जाऊन आला, जाऊबाई जाऊन आल्या, सगळ्यांचे व्हिडिओ आले, हातात पावाचा तुकडा आणि भोवती माशांचा घोळका (माशांना पाव खायला घालणं हा काय प्रकार आहे देव जाणे, पण तो वेगळा विषय), आणि माझा व्हिडिओ म्हणजे बोटीवर चहा पितानाचा. फॅमिली ग्रुपवर तो अजून फिरतो.

तेव्हापासून मी धरून चाललेले की आपण भित्र्या आहोत, विषय संपला. या वेळी मात्र म्हटलं की जायचंच असेल तर आधी नीट समजून घेऊ हे नक्की काय असतं. आणि समजून घ्यायला लागल्यावर कळलं की आपल्याकडे स्कूबा प्लॅन करतात तो सगळा उलट क्रमाने. आधी पॅकेज, मग तारखा, मग हॉटेल, मग त्यात कुठेतरी एक रिकामी सकाळ सापडली की तिच्यात स्कूबा कोंबायचा. साइटसीइंगचा अजून एक पॉइंट असल्यासारखा.

आमच्याच पॅकेजचं बघा. स्टेशनजवळच्या एका एजंटकडून पहिला प्लॅन आलेला, छान रंगीत पीडीएफ, त्यात शेवटच्या दिवशी लिहिलेलं, सकाळी 7 वाजता नॉर्थ बे, स्कूबा, नंतर एअरपोर्ट ड्रॉप. विमान दुपारी 1.40 चं. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही, उलट वाटलं वा, शेवटची सकाळ फुकट नाही गेली. ऐरोलीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी कौतुकाने ती पीडीएफ एका मैत्रिणीला दाखवली, तिचा ओपन वॉटर (म्हणजे स्कूबाच्या सर्टिफिकेटचा) कोर्स झालेला आहे, तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं वेडी आहेस का, डाइव्ह करून त्याच दिवशी विमानात बसणार?"

तर ते असं आहे. पाठीवर जो सिलिंडर असतो त्यात ऑक्सिजन नसतो, आपण सगळेच "ऑक्सिजन सिलिंडर" म्हणतो पण त्यात साधी हवाच असते, दाबून भरलेली. नुसता ऑक्सिजन घेऊन साधारण 6 मीटरच्या खाली गेलं तर तो उलट विषारी व्हायला लागतो. हवा म्हटली की त्यात बहुतेक सगळा नायट्रोजन आला. पाण्याखाली दाब जास्त, त्यामुळे हा नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि अंगात मुरतो. हळूहळू वर आलं की हळूहळू निघून जातो, काही त्रास नाही, पण तो पूर्ण निघायला बरेच तास लागतात. आता गोटी सोडा आठवा, तलावपाळीला मिळायचा तो. गोटी आत ढकलेपर्यंत आत नुसतं पाणी दिसतं आणि ढकलली की फस्स करून बुडबुडे. बाहेरचा दाब एकदम कमी झाला की मुरलेला गॅस बुडबुडे बनून बाहेर येतो, आणि हे बुडबुडे सांध्यात, नसांमध्ये झाले तर काय होईल ते सांगायला नको, डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात त्याला.

आणि विमानात नेमकं तेच होतं. केबिनमध्ये हवा भरलेली असली तरी ती जमिनीवरच्या इतकी नसते, साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असते तेवढीच असते. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे समुद्राच्या तळातून निघून दुपारी कळसूबाईच्याही वर जाऊन बसायचं, तेही खुर्चीत पट्टा बांधून.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणून एक संस्था आहे, डायव्हिंगमधल्या सेफ्टीवर काम करते, त्यांचं म्हणणं एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी कमीत कमी 12 तास, आणि एकापेक्षा जास्त किंवा लागोपाठ काही दिवस केल्या असतील तर कमीत कमी 18 तास जाऊ द्या. बरेच लोक सरळ 24 तास धरतात, मैत्रीण पण तेच म्हणाली, आकडेमोड नको, पूर्ण एक दिवस कोरडा ठेव. आमच्या पीडीएफमध्ये होते जेमतेम पाच तास. एजंटला फोन केला तर म्हणे, "मॅडम, रोज लोक करतात." करत असतील. उथळ पाण्यात दहा मिनिटं जाऊन आलेल्या बहुतेकांना काही होतही नसेल, पण मग तो 12 तासांचा आकडा काय लोकांनी टाइमपास म्हणून काढलाय का.

(जाता जाता, हे मालवणवाल्यांनाही लागू आहे बरं का. सकाळी डाइव्ह, दुपारी मासे आणि संध्याकाळी आंबोली घाट चढून कोल्हापूर, हा प्लॅन किती जण करतात. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. विमानाइतकं नाही, पण डाइव्हनंतर लगेच उंचावर जायचं नाही हा नियम घाटालाही आहेच, मुक्काम खालीच करावा.)

मग मी ती पीडीएफ बाजूला ठेवली आणि वहीत उलटीकडून लिहायला घेतलं. 6 तारखेला दुपारी विमान. म्हणजे 5 तारीख कोरडी. कोरड्या दिवशी काय करायचं? तर सासूबाईंचं सेल्युलर जेल. सासूबाईंना समुद्राचं काही नाही, त्या येतायत त्या सावरकरांची कोठडी बघायला, तिकिटं काढली त्याच दिवशी त्यांनी सांगितलेलं, "मला ते तुमचं मासेबिसे नको, मला कोठडीसमोर पाच मिनिटं शांत उभं राहू द्या." सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, दहा वर्षं. एजंटच्या प्लॅनमध्ये जेल पहिल्याच दिवशी, विमानातून उतरून दमलेल्या अवस्थेत. आता ते 5 तारखेला नेलं, निवांत, संध्याकाळी तिथला लाइट अँड साउंड शो पण. कोणाला काही सोडावं लागलं नाही, फक्त खोके इकडचे तिकडे.

बाकी असं. 31 ला पोहोचायचं आणि झोपायचं. 1 ला बोटीने हॅवलॉक बेटावर, दीड-दोन तास. 2 ला सराव. 3 ला डाइव्ह. 4 राखीव, म्हणजे 3 ला समुद्र खवळला किंवा कोणाचा कान बसला तर, नाहीतर राधानगर बीचवर लोळायचं. 5 ला सकाळी परत. हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 पासून श्री विजयपुरम, पण बुकिंग करताना दोन्ही नावं लक्षात ठेवा, कोण कुठलं वापरेल सांगता येत नाही, मी एकदा अर्धा तास श्री विजयपुरमहून पोर्ट ब्लेअरला जायची बोट शोधत होते. हसू नका.

आणि सकाळी लवकर उठायची तयारी ठेवा. घड्याळ आपलंच पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिथे ठाण्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी कामाला लागतो आणि आधीच घरीही जातो, साडेपाचला अंधार पडायला सुरुवात. डाइव्हच्या बोटी सकाळीच निघतात. आमच्याकडे रविवारी साडेनऊला चहा होतो त्यांचं काय होणार देव जाणे.

आता कान. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली पार्किंगपासून आमच्या गॅलरीपर्यंत पाणी भरलंय असं समजा, म्हणजे साधारण 10 मीटर. पार्किंगमध्ये उभ्या माणसावर त्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या वातावरणाचा असतो, थेट आभाळापर्यंतच्या हवेचा. म्हणजे तीन मजले खाली गेलं की दाब दुप्पट. आणि घोडबंदरला नणंदेकडे 28 मजल्यांची लिफ्ट आहे, तिच्यातून उतरताना कानात जे पुक् होतं ना, तो सगळा फरक पाण्यात मोजला तर चार-पाच बोटं पाणी. फक्त. हे जेव्हा मी कागदावर मांडलं तेव्हा कळलं की मालवणला "कान दुखला तर नाक दाबा" हे सांगणं किती अर्धवट होतं.

कारण दुखेपर्यंत थांबायचंच नसतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं (इक्वलाइझ करणं म्हणतात) ते पाण्यात डोकं जायच्या आधीपासून, आणि मग प्रत्येक मीटरला, दुखो न दुखो. एकदा दुखायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो, कानातून घशाकडे जाणारी नळी दाबली गेलेली असते, मग जोर लावून फुंकायचं नाही, थोडं वर यायचं, परत हलकेच करायचं. जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते. पहिल्या दहा मीटरमध्येच फरक सगळ्यात जास्त असतो, म्हणजे आपण नवशिके ज्या उथळ पाण्यात "काय होतंय" म्हणून जातो तिथेच कानाचं सगळं काम असतं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन नाक मोकळं करून जायचं हे पण धोक्याचं, गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना कानातली हवा अडकते. त्यामुळे आमच्या घरी 20 जानेवारीपासून फ्रिजचं पाणी बंद, आइस्क्रीम बंद, लेक म्हणते ही ट्रिप आहे की शिक्षा.

मग तो फॉर्म. मालवणला मी न वाचता सही केली तोच, फक्त या वेळी तो मी घरी मागवून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून वाचला. हृदय, फुप्फुस, कानाचं ऑपरेशन, फिट्स, डायबेटिस, प्रेग्नन्सी, चालू औषधं. एका ठिकाणी दम्याबद्दल, गेल्या 12 महिन्यांत त्रास झाला का. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने वरणाच्या वाटीत बघितलं.

त्याला लहानपणापासून दमा आहे, आता बराच कमी, पण ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि त्यात मेट्रोच्या कामाची धूळ, की पंप निघतोच. म्हणजे हा माणूस मालवणला सगळीकडे "नाही" वर टिक करून खाली जाऊन आलेला आणि मी धडधाकट बाई बोटीवर चहा पीत बसलेले. मी म्हटलं डॉक्टरकडे जायचं. तो म्हणाला, "अगं गेलो होतो की एकदा, काय झालं?" दोन दिवस यावर चर्चा (चर्चाच म्हणूया) झाली आणि मग छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्या मशीनमध्ये फुंकायची टेस्ट केली, पंप मारून परत केली, आणि स्पष्ट सांगितलं, या वर्षी तरी नाही.

आणि का ते पण चांगलं समजावलं. 10 मीटरवर तुम्ही छाती भरून श्वास घेतला आणि तो धरून तसेच वर आलात तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागणार. म्हणून स्कूबातला पहिला नियम, श्वास कधीच धरायचा नाही, आत-बाहेर चालूच ठेवायचा. आपण सगळे तो नियम पाळू शकतो, पण दमेकऱ्याच्या फुप्फुसात एखादी बारीक नळी आवळलेली असेल तर त्याने श्वास सोडला तरी त्या कोपऱ्यातली हवा अडकलेलीच राहते, आणि ती फुगायला लागली की काही इलाज नाही. वर सिलिंडरमधली हवा कोरडी, तिनेच खोकला सुरू व्हायचा. नवरा येताना पूर्ण रस्ताभर गप्प होता. तीन हात नाक्याच्या सिग्नलला म्हणाला, "स्नॉर्कलिंग तर करू शकतो ना?" ते करू शकतो, डॉक्टरांनी सांगितलंय, वरच्या वर तरंगत नळीने श्वास घ्यायचा, पंप बोटीवर ठेवून. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, खरंच, आणि थोडं असंही वाटलं की आता बोटीवर चहा पितानाचा व्हिडिओ कोणाचा येणार ते ठरलं. संसारात असं चालतं.

लेकीची गोष्ट वेगळीच. मूळ प्लॅन ख्रिसमसच्या सुट्टीतला. पण ट्राय डाइव्हसाठी (कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर करायची ती) 10 वर्षं पूर्ण लागतात, आणि आमच्या बाईसाहेबांचा वाढदिवस 19 जानेवारी. तीन आठवड्यांनी हुकलं. एजंट म्हणाला, "कोण बघतंय मॅडम, दहा लिहा." मी आधारचा विचार करत बसले, नवरा म्हणाला आधारचं सोड, खोटं वय लिहून पोरीला समुद्रात सोडायचं का, दम्याच्या प्रकरणानंतर तो एकदम कडक झालाय. 8 वर्षांपुढच्या मुलांसाठी पूलमध्ये 2 मीटरपर्यंतचा एक प्रकार असतो, पण तिला मासे हवेत, टाइल्स नकोत. शेवटी ट्रिपच पुढे ढकलली. शाळेत अर्ज दिला, कारणात मी "कौटुंबिक कार्य" लिहिलं. हे मात्र खोटंच आहे, मान्य. ख्रिसमसपेक्षा तिकिटं स्वस्त पडली हा बोनस.

बाय द वे बरेच जण विचारतात, पोहता यायलाच हवं का? ट्राय डाइव्हला नाही, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि जास्तीत जास्त 12 मीटर, प्रत्यक्षात त्याहून कमीच. सर्टिफिकेट हवं असेल तर पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवस, त्यात 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं, मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे खोल ट्रेनिंग पूल पण आहे, ज्यांना शिकायचंच आहे त्यांनी तिकडे चौकशी करावी. आम्ही या वेळी फक्त ट्राय.

सेंटर निवडायला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच जणांना एकच मेसेज टाकला. एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण, समुद्रात नेण्याआधी उथळ पाण्यात सराव किती वेळ, बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन असतो का (हा खरा ऑक्सिजन, त्रास झाल्यावर द्यायचा), आणि कान मोकळा झाला नाही म्हणून मध्येच वर आलो तर काय. दोघांनी फक्त रेट पाठवले, व्हिडिओ फ्री. एकाने "टेन्शन मत लो मॅडम" आणि अंगठा. एकाने उत्तरच नाही. आणि पाचव्या ठिकाणच्या मुलीने रेट सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, वय किती, सर्दी होते का वारंवार, आधी कधी केलंय का, आणि मी मालवणचं सांगितल्यावर म्हणाली, मग तुम्ही आदल्या दिवशी या, कमरेएवढ्या पाण्यात एक तास फक्त मास्कमध्ये पाणी घालू आणि काढू, नाही जमलं तर समुद्रात जायचं नाही, त्यात काही कमीपणा नाही. बाकीचे माणशी 4,500 सांगत होते, हिने 6,500 सांगितले. मी तिथल्या तिथे अ‍ॅडव्हान्स भरला. 2 तारखेचा सराव तो हाच.

खुणा पण तिनेच पाठवल्या. पाण्यात अंगठा वर म्हणजे "छान" नाही, "वर चला". ठीक आहे म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. हे आपल्या लोकांना जाम जड जाणार आहे, आपण दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठेच दाखवत असतो, नवशिकी मंडळी मासा बघून आनंदाने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना इमानदारीत वर घेऊन येतो. लेक आता जेवताना भाजी आवडली की गोल करते आणि नको झालं की अंगठा वर. सासूबाईंना हे कळायला दोन दिवस लागले, त्या अंगठा बघून अजून वाढत होत्या.

सासूबाईंचा एकच प्रश्न, "आणि तो सिलिंडर मध्येच संपला तर?" मी म्हटलं आई, त्याला आतल्या हवेचा दाब दाखवणारा गेज असतो, सुरुवातीला साधारण 200 बार, 50 उरायच्या आत वर यायचं असतं, शिवाय इन्स्ट्रक्टरकडे एक जास्तीचं तोंडात धरायचं असतं, पिवळं, त्याला ऑक्टोपस म्हणतात. "ऑक्टोपस तोंडात धरायचा?" तिथे मी विषय सोडला.

मास्क मात्र मी स्वतःचा घेतला. दुकानात पट्टा न लावता नुसता तोंडावर ठेवायचा आणि नाकाने हवा ओढायची, हात सोडला तरी चिकटून राहिला तर तो आपला. नवऱ्याला एकही चिकटेना कारण मिशी, मिशीतून हवा जाते. स्नॉर्कलिंगपुरती काढ म्हटलं तर नाही म्हणाला, दम्याने अर्धं घेतलं आता मिशी नाही देणार. नव्या मास्कच्या काचेवर फॅक्टरीचा पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढायचा नाहीतर कितीही केलं तरी धुकं धरतं. आणि पाण्यात उतरायच्या आधी आत थुंकून बोटाने फिरवायचं, विसळायचं. हो, थुंकून. जगभरचे डायव्हर हेच करतात. चष्मेवाल्यांसाठी, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, डोळे मिटून मास्क रिकामा करायचा एवढंच, हार्ड लेन्स नको. नंबरची काच बसवलेले मास्क पण मिळतात.

आणि अपेक्षा जरा जमिनीवर ठेवा, म्हणजे पाण्याखाली. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही हॅवलॉकची मोठी नावं खोल आहेत, सर्टिफिकेटवाल्यांसाठी. आपल्याला नेमो रीफसारखी किनाऱ्याजवळची उथळ जागा. प्रवाळ सगळे रंगीबेरंगी असतील असं नाही, 2010 साली पाणी तापल्यामुळे अंदमानात खूप प्रवाळ पांढरे पडले, नंतरही झालंय. शिवाय खाली गेलं की लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, पाणीच खाऊन टाकतं, इंटरनेटवरचे लालभडक फोटो फ्लॅश किंवा फिल्टरवाले. लेकीने हट्टाने लाल रॅशगार्ड (पाण्यात घालायचा टीशर्ट) घेतलाय, खाली तो मातकट दिसणार आहे, मी सांगितलेलं नाही. हात कशालाच लावायचा नाही आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकायचा नाही, तो वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, एअरपोर्टला बॅगा तपासतात.

आता राहिले मी.

महापालिकेच्या तरणतलावात लेडीज बॅच लावली नोव्हेंबरपासून. पोहता येतं मला थोडंफार, प्रश्न नाकाचा होता. कोचना विचारून उथळ बाजूला कोपऱ्यात मास्क आणि स्नॉर्कल घेऊन बसायची परवानगी काढली. पहिला आठवडा नुसतं तोंड पाण्यात घालून तोंडाने श्वास. मग मास्क न लावता तेच, नाक उघडं पाण्यात, आणि श्वास तोंडाने. हे जे आहे ना ते भयंकर आहे. डोक्याला माहितीये की तोंडातून हवा येतेय, पण नाकाला पाणी लागलं की आतून कोणीतरी बटण दाबल्यासारखं माणूस उसळतो. मालवणला हेच झालेलं. मी भित्री वगैरे काही नाही, कोणाचंही नाक हेच करतं, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो आणि तिथे मागे आठ-दहा जण उभे होते.

डिसेंबरात पाणी इतकं गार की बॅचमधल्या निम्म्या बायका गळाल्या. मी आपली कोपऱ्यात. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड दाबायची, नाकाने हळू फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. परवा रविवारी तळाशी टाइल्सवर गुडघे टेकून, स्नॉर्कलचं टोक वर ठेवून, तीनदा केलं आणि तिन्ही वेळा काच स्वच्छ. चौथ्यांदा पाणी नाकात गेलं, झणझणलं पार डोक्यापर्यंत, खोकला आला, तो स्नॉर्कलमध्येच खोकले, डोळे मिटून घेतले आणि तशीच बसून राहिले. परत फुंकलं. गेलं पाणी. मग पाचव्यांदा, सहाव्यांदा, मोजायचं सोडून दिलं, वरून कोणीतरी कधीची काठी आपटत होतं कठड्यावर ते मला बराच वेळ कळलंच नाही. डोकं वर काढलं तर कोच उभे, "अहो मॅडम, बॅच संपली, बाहेर या, जेन्ट्स थांबलेत."

बोटीची तिकिटं मात्र अजून काढायची आहेत, सकाळची फेरी पटकन भरते म्हणतात, आज रात्री बसतेच.